संध्याकाळपर्यंत पुरणारी गोळी

ताई कामावरून आली की दार अप्पांनीच उघडायचं, असा आमच्या घरचा कायदाच होता. अप्पा कुलूपवाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटंसं दुकान, भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, आणि आजूबाजूच्या निम्म्या दारांची कुंडली त्यांना तोंडपाठ. पण त्यांच्या थोरल्या लेकीकडे घराची किल्ली महिनाभरसुद्धा टिकत नसे. कधी बाकावर विसरायची, कधी डब्याच्या पिशवीतून कुठेतरी गळून जायची. दार वाजलं की अप्पा आतूनच विचारायचे, "कोण?" आणि बाहेरून आवाज यायचा, "किल्ली हरवली, अप्पा." मग चपला फरफटत अप्पा निघायचे. रागावलेत असं दाखवायचे, पण त्यांची मिशी हसत असायची. ताई आत आली की त्यांचा दिवस पुरा व्हायचा.

ताईचं लक्ष नेमकं कुठे असतं, हा प्रश्न आई असल्यापासून आमच्या घरात पडलेला आहे. आई तिला गोगलगाय म्हणायची. मी धाकटी, आणि माझ्या अंगात आधीपासूनच विंचू. मी धावत जाऊन पडून, रडून, परत येईपर्यंत ताईची एका पायातली चप्पल घालून झालेली असायची. जेवताना तिचा घास हातातच थांबायचा. काय बघतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, वाफ."

आमच्या मागच्या अंगणात एक झाड होतं. त्याच्या सालीतून डिंक पाझरायचा आणि उन्हात वाळून मधाच्या रंगाचे खडे व्हायचे. अप्पा तो भिजवून किल्ल्यांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत. एकदा वाटीत डिंक भिजत घातला होता आणि ताई त्या वाटीपुढे बसली ती बसलीच. सकाळी खडा होता, दुपारी त्याच्याभोवती एक धूसर पदर आला, मग तो फुगला, मऊ झाला, आणि उन्हं उतरताना वाटीत पाणी कुठलं आणि डिंक कुठला हे सांगता येईना. मी मध्ये बोट घातलं म्हणून तिने मला आयुष्यात एकदाच चिमटा काढला. त्या वाटीपुढून ती खरं तर अजून उठलेलीच नाही.

मोठी झाली, शिकली, आणि गोळ्या करणाऱ्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागली. तिथे तिला काम काय मिळावं? डिंकाचंच. पोटात गेल्या गेल्या विरघळून जाणारी गोळी कुणीही करेल. पण औषध थोडं थोडं, दिवसभर सुटत राहावं असं वाटत असेल तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते काम झाडाचा डिंक करतो. पोत्यातून डिंकाचे खडे यायचे. त्यातला सालीचा कचरा वेचायचा, दळायचं, चाळायचं, औषधाच्या भुकटीत मिसळायचं आणि गोळ्या दाबायच्या. गोळी ओली झाली की बाहेरचा डिंक फुगतो, त्याचा मऊ थर होतो, आणि आतलं औषध त्या थरातून वाट काढत हळूहळू बाहेर येतं. डिंक कमी पडला तर सगळं एकदम सुटतं, जास्त झाला तर अडकून बसतं. किती म्हणजे पुरे, हे शोधण्यात ताईची उमेदीची वर्षं गेली. लग्नाचं विचारायला आलेल्या मावशीलाही तिने हेच समजावून सांगितलं होतं. मावशी चहा न पिताच गेली.

एकदा मी तिची प्रयोगशाळा बघून आले. लांबट खोली, उंचावर खिडक्या, दुधी काचांतून येणारा उजेड. एका टबात कोमट पाण्यात काचेची भांडी ओळीने बुडवलेली, प्रत्येकात एक पातं संथ फिरतंय आणि तळाशी एकेक गोळी. पाणी अंगाच्या उबेइतकं गरम. म्हणजे ती भांडी म्हणजे जणू माणसांची पोटंच. ताई त्यांच्यासमोर उंच स्टुलावर बसून राहायची, मधूनमधून नळीने थोडं पाणी काढून तपासायला ठेवायची. गोळीभोवती ढग यायचा, पाण्याला हलकीशी झाक चढायची. बाकीचे तिला 'मत्स्यालय' म्हणत. "काय मत्स्यालय, आज मासे दिसले का?" असं साहेबसुद्धा विचारायचे. ती हसून मान डोलवायची. मला त्या खोलीत पेंग आली, हे कबूल करते. पण ती पेंग चांगली होती. लहानपणी ताईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर यायची तशी.

याच सुमारास अप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, मग कानस हातातून निसटायला लागली, मग किल्लीचे दात वाकडे पडायला लागले. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. दुकान बंद झालं, पण अप्पांनी एक लहानशी ऐरण, हातोडी आणि कानशी घरी आणून खिडकीशी मांडल्या. औषध सुरू झालं. सकाळी गोळी घेतली की घटकाभराने हात निवायचा, माणूस पहिल्यासारखा चालायचा. पण दुपार होता होता गोळी उतरायची. दुसरी घ्यावी तर तीही तशीच चढायची आणि उतरायची. संध्याकाळ तर सगळ्यात वाईट. खुर्चीतून उठायचं म्हटलं की पाय जमिनीला खिळल्यासारखे. बाहेर ताई दार वाजवतेय आणि आत अप्पा "आलो, आलो" म्हणतायत पण येता येत नाही, असं दोनचारदा झालं. मग ताईने गुपचूप स्वतःची किल्ली करून घेतली. बाजारातल्या दुसऱ्या कुलूपवाल्याकडून. ती किल्ली तिने गळ्यात दोऱ्यात बांधली आणि ती मात्र कधी हरवली नाही.

ती किल्ली फिरल्याचा आवाज आला की अप्पा मान खाली घालायचे. मी ते पाहिलंय.

ताईच्या कंपनीत नेमक्या याच औषधाची हळू सुटणारी गोळी करायचं ठरलं, तेव्हा ताईने ते काम मागून घेतलं. गोळी अप्पांसाठी नव्हती, हजारो लोकांसाठी होती, हे ती स्वतःला बजावत राहायची. पण त्या काचेच्या भांड्यांत तिला काय दिसत असेल ते मला माहीत आहे. वर्षं गेली. चाचण्या झाल्या, कागद हलले, माणसांवर पारख झाली, आणि गोळी रीतसर दुकानात आली. मग एक दिवस आमच्या डॉक्टरांनी स्वतःहूनच ती अप्पांना लिहून दिली. ताईने पाकीट हातात घेतलं आणि खूप वेळ ते उलटसुलट करत बसली. अप्पा म्हणाले, "अगं दे आता, की तीसुद्धा हळूहळू देणार आहेस?"

पुढचे काही महिने मला अजून स्वप्नासारखे आठवतात. सकाळी एक गोळी घ्यायची आणि तिने दिवसभर पुरायचं. संध्याकाळी पिवळा उजेड जिन्यावर यायचा, ताईची पावलं वाजायची, आणि आत अप्पा उठायचे. स्वतःच्या पायांनी, चपला फरफटत. ताईने गळ्यातली किल्ली काढून खिळ्याला टांगली. पुन्हा "कोण?" आणि पुन्हा "किल्ली हरवली, अप्पा." मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, नवऱ्याला "आले हां" सांगून मी नुसतं ते ऐकायला यायचे.

मग सगळं बिनसलं. सकाळी अप्पांचे हात वेड्यासारखे उडायला लागले, मान वळायची, खांदा आपोआप वर जायचा, बशीतून चहा सांडायचा. आणि दुपारपासून माणूस पुन्हा दगड. डॉक्टर म्हणाले, आजारच पुढे सरकला असेल, थोडं बघू या. पण ताईचा त्यावर विश्वास बसेना. ती मला म्हणाली, "आजार असा नाही पुढे सरकत. हे सगळं औषध एकदम सुटल्यासारखं आहे. माझा डिंक धरून ठेवत नाहीये."

खिळ्यावरची किल्ली पुन्हा तिच्या गळ्यात आली.

तिने त्याच तुकडीच्या गोळ्या काढून पुन्हा भांड्यांत टाकल्या. भांड्यात गोळी शहाण्यासारखी वागायची. हळू फुगायची, हळू सोडायची. घरी मात्र वेगळंच. नवीन पोत्यातला डिंक तिने चाखून पाहिला, चाळून पाहिला, उन्हात धरून पाहिला. काही सापडेना. ती वाळत चालली. एकदा रिकाम्या ताटापुढे बसून म्हणाली, "काचेच्या पोटात चालते आणि माणसाच्या पोटात चालत नाही, तर ती गोळी काय कामाची? अप्पांचं हे असं होतंय, तर बाकीच्यांचं काय होत असेल? सोमवारी साहेबांना सांगते. ही गोळी थांबवा म्हणते." तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. तिच्या सगळ्या आयुष्याचा गाशा ती माझ्यासमोर गुंडाळत होती.

शनिवारी सकाळी मी डबा घेऊन लवकर गेले. ताई अंघोळीला गेली होती. दार लोटलेलं होतं. आत शिरते तर खिडकीशी अप्पा पाठमोरे बसलेले, आणि ऐरणीवर बारीक आवाज. टिक. टिक. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, अप्पा किल्ली करतायत. जवळ जाऊन पाहिलं तर ऐरणीवर कागदाची घडी, घडीत पांढरी भुकटी. अप्पांनी घडी उचलली, भुकटी जिभेवर झटकली, वर पाणी प्यायले.

"अप्पा! हे काय?"

ते दचकले. "हळू बोल, बाई. ती ऐकेल."

"गोळी फोडताय तुम्ही?"

"मग काय करू? विरघळतच नाही ती."

"कुणी सांगितलं विरघळत नाही?"

अप्पा ओशाळले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी बघितली. संडासात. जशीच्या तशी बाहेर आलेली. जरा फुगलेली, पण आकार तोच. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आता जन्मभर कुलपं उघडली मी. उघडलेलं काय आणि न उघडलेलं काय, मला कळत नाही होय?"

"पण तुम्हाला तर बरं वाटत होतं तिने!"

"ते मनाचं गं. पोरीने केलेली गोळी म्हणून बरं वाटत होतं. मनाच्या जोरावर किती दिवस चालणार? म्हटलं, औषध आत आहे ते वाया तरी नको जायला. फोडून घेतलं की लागू पडतं, बघ सकाळी हात कसे सळसळतात."

"आणि ताईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" अप्पा एकदम चिडले. "तुझी गोळी उघडत नाही, असं सांगू? तिने त्या गोळीपायी काय काय सोडलंय ते तुला माहीत नाही? तूही नाही सांगायचं. शपथ आहे माझी."

शपथा पाळायला मी ताई नाही. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन मी दार बडवलं आणि बाहेरूनच ओरडून सगळं सांगितलं. आत पाण्याचा आवाज थांबला. मग ताई ओल्या केसांनी बाहेर आली आणि तशीच अप्पांच्या पायाशी जमिनीवर बसली. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल; मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, "अप्पा, उद्या दिवसभर माझ्याबरोबर बसाल?" तेवढंच. डॉक्टरांना फोन मात्र मी लावला. डॉक्टरांनी जे ऐकवलं ते मी अप्पांच्या कानाला फोन धरून त्यांना पूर्ण ऐकवलं. अशी गोळी फोडणं म्हणजे दिवसभराचं औषध एका घोटात पिणं, पुन्हा असं केलंत तर जिवावर बेतेल, असं ते म्हणाले. अप्पा शाळेत उभं केलेल्या पोरासारखे "हो, हो" करत होते.

दुपारी ताई साहेबांना विचारून कंपनीतून दोन गोळ्या घेऊन आली. औषधाच्या नव्हेत; डिंक तोच, दाबलेल्या तशाच, पण आत औषधाऐवजी नुसता लाल रंग. गोळीतून आतलं कसं सुटतं ते डोळ्यांना दिसावं म्हणून कंपनीत असल्या गोळ्या करतात.

रविवारी खिडकीत ऊन यायच्या आधीच तिने मांडामांड केली. दोन पेले, थर्मासमध्ये कोमट पाणी, आणि घरातल्या यच्चयावत बश्या-वाट्या. अप्पांनी आदल्या दिवसासारखी गोळी फोडली नव्हती, अख्खी गिळली होती. पण एका दिवसात अंग थोडंच सावरतं, हात थरथरतच होता. ताईने एक लाल गोळी त्यांच्यापुढे ऐरणीवर ठेवली. "ही फोडा. रोज फोडता तशी." टिक, टिक. ती भुकटी एका पेल्यात टाकली. दुसरी गोळी अख्खी दुसऱ्या पेल्यात.

"आता हे दोन्ही पेले दोन मांड्यांवर धरून बसा. आमच्याकडे हलवायला पाती असतात. इथे तुमचे हात आहेत."

अप्पा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. थरथरत्या हातांत पेले हलू लागले, पाण्यावर बारीक लाटा उठू लागल्या.

मग तो दिवस सुरू झाला. त्या दिवसाला घाई नव्हती. ताई अधूनमधून दोन्ही पेल्यांतलं पाणी एकेका वाटीत ओतून घ्यायची, पेल्यात नवं कोमट पाणी घालायची, आणि वाट्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन रांगांत मांडायची. फोडलेल्या गोळीची पहिली वाटी गर्द लाल झाली. दुसरी फिकी. तिसऱ्या वाटीपासून नुसतं पाणी. अख्ख्या गोळीची पहिली वाटी जरा गडद, मग पुढच्या गुलाबी, गुलाबी, गुलाबी. मी स्वयंपाकघरातून यायचे, बघायचे, जायचे. ऊन कट्ट्यावरून सरकत होतं आणि वाट्यांतून लाल कवडसे छतावर जाऊन हलत होते. अप्पांच्या मांडीवरच्या पेल्यात गोळीला धूसर पदर आला होता, तो फुगत होता, आणि ताई त्याच्याकडे बघत होती. मला अंगणातली वाटी आठवली. बोट घालायचा मोह मी आवरला.

दुपारी अप्पांना डुलकी लागली. झोपेत हात निवले, तेवढा वेळ पेले ताईने हलवले.

उन्हं उतरली तेव्हा ताईने त्यांना हलकेच जागं केलं. "बघा अप्पा. सकाळ इथे," तिने कट्ट्याच्या एका टोकाला बोट लावलं, "आणि संध्याकाळ तिथे."

अप्पांनी दोन्ही रांगा पाहिल्या. एका रांगेत शेवटच्या वाटीपर्यंत गुलाबी पाणी होतं. दुसऱ्या रांगेत एक लाल वाटी आणि मग शेवटपर्यंत काही नाही. त्या रांगेच्या टोकाच्या वाटीवर त्यांनी बोट ठेवलं. बोट थरथरत होतं.

"ही माझी संध्याकाळ," ते म्हणाले.

ताईने मान डोलवली. मग पेल्यातून चमच्याने तिने फुगलेली गोळी बाहेर काढली. रंग पुरा गेलेला, पांढरट, लिबलिबीत, पण आकार तसाच. "ही बघितलीत ना तुम्ही?" अप्पा म्हणाले, हीच. त्यांनी हत्यारांच्या पेटीतला कुलूप उघडायचा बारीक आकडा काढला आणि सवयीने तिच्या पोटात घातला, अलगद उकललं. आत काहीच नव्हतं. डिंक, नुसता डिंक.

ती रिकामी गोळी त्यांनी उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "म्हणजे आतलं माणूस कधीच बाहेर पडलं होतं. जाताना दार लावून गेलं." आणि मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "आणि मी बाहेर उभा राहून दार फोडत होतो."

ताई म्हणाली, "अप्पा, गोळी उघडत नाही असं वाटत होतं, तर जुनीच घ्यायची होती. नाहीतर सोडून द्यायची होती. रोज फोडून घेत बसलात?"

"तू केलेली ना," अप्पा म्हणाले. "टाकवेना."

तेव्हा मात्र ताई रडली. अप्पांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून, लहान मुलासारखी, मोठ्याने. मीही रडले, पण मी वाट्या धुण्याचं निमित्त करून आत गेले. तिने सोमवारी साहेबांना काही सांगितलं नाही. म्हणजे गोळी थांबवा असं नाही सांगितलं. पाकिटातल्या माहितीच्या कागदावर 'फोडू नये, चावू नये' असं लिहिलेलं असतंच. त्याखाली 'गोळीचे रिकामे कवच बाहेर पडलेले दिसल्यास घाबरू नये' हेही मोठ्या अक्षरांत घालायला मात्र सांगितलं. साहेब म्हणाले, असं कोण बघतं? ताई म्हणाली, माझे वडील.

अप्पांचं अंग सावरायला थोडे दिवस गेले. सकाळचं ते उडणं थांबलं. दुपार जरा मोकळी झाली. मी रोज जात होते, आणि रोज संध्याकाळी ताईची किल्ली फिरत होती, आणि अप्पा मान खाली घालत होते.

मग ती संध्याकाळ. मी अप्पांसमोर शेंगा सोलत बसले होते. जिन्यावर पावलं वाजली. मी सवयीने उठायला लागले.

"बस तू," अप्पा म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. एकदा उठले नाहीत. दुसऱ्यांदा उठले. बाहेर दोऱ्यातली किल्ली कुलपाला लागल्याचा आवाज आला आणि तिथेच थांबला. चपला फरफटल्याचं तिने ऐकलं असणार. किल्ली हळूच मागे घेतल्याचाही आवाज आला. अप्पा एकेक पाऊल टाकत होते, आणि दारापलीकडे ती वाट बघत उभी होती. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

अप्पा दाराशी पोहोचले. श्वास घेतला. कडीवर हात ठेवला. हात स्थिर होता.

"कोण?" त्यांनी विचारलं.

बाहेरून आवाज आला तो ओला होता.

"किल्ली हरवली, अप्पा."